माकड कधी येतंय?

2006 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. गाळप संपून साखर कारखान्यांचा पट्टा पडला होता, ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली होती आणि परळीच्या बाहेर माळावर आमचा तंबू लागला होता. ट्रकच्या हौद्यात मशीन, समोर कनातीत पाच-सहाशे माणूस आणि पडद्यावर एक जहाज. जहाज निघून बराच वेळ झाला तरी कुठे पोचेना. शेवटी पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला, मागे वळला आणि उजेडाच्या झोताकडे हात करून ओरडला, "ओ ऑपरेटर, माकड कवा येतंय?" दुसरा कुणीतरी म्हणाला, "तिकीट माकडाचं काढलंय, बोटीचं न्हाई!" मग तंबूभर शिट्ट्या.

सिनेमा होता पीटर जॅक्सनचा 'किंग काँग', हिंदीत डब केलेला. 1933 सालच्या 'किंग काँग'ची ही नवी आवृत्ती. खर्च वीस कोटी डॉलरच्या वर. तीन ऑस्कर मिळालेली. तिच्याबद्दल पुढे मी बरंच वाचलं, पण त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाइतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही. त्याचं उत्तर द्यायचं तर आमच्या धंद्यापासून सुरुवात करावी लागेल.

माझे वडील परळी स्टेशनावर हमाल होते. आमच्या गावाला वैजनाथाने यात्रेकरू दिले आणि रेल्वेने बाकी सगळं. निजामाच्या रेल्वेने विकाराबाद-बिदरकडून आणलेला मार्ग परळीला येऊन टेकतो. त्याच गाडीने सिनेमाच्या पेट्या यायच्या. हैदराबाद संस्थान 1948 च्या सप्टेंबरात संपलं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला. सिनेमाच्या धंद्याच्या नकाशात मात्र आम्ही पुढेही कित्येक वर्षं 'निजाम सर्किट'मध्येच होतो. तेलंगण, कर्नाटकातले बिदर-गुलबर्ग्याकडचे जिल्हे आणि मराठवाडा, या सगळ्या मुलखाचे हक्क एकत्र विकले जायचे. त्यामुळे मुंबईत तयार झालेला सिनेमा आमच्याकडे सिकंदराबादला वळसा घालून यायचा. वडील पेटी उतरवायचे, मी तिच्यामागे चालत जायचो. असाच चालता चालता 1970 च्या सुमारास मी तंबूत शिरलो, तो चाळीस वर्षं बाहेर पडलो नाही.

पावसाळ्यात गावातल्या टॉकीजमध्ये आणि पाऊस सरला की जत्रांमागे, असं आमचं वर्ष असायचं. कार्तिकात कपिलधार, मार्गशीर्षात माळेगावचा खंडोबा, महाशिवरात्रीला आमची परळी नाहीतर औंढा नागनाथ, चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडाई. एका बाजूला तमाशाचे फड, एका बाजूला आम्ही, मध्ये रेवड्या, बांगड्या आणि पाळणे. तंबूत दोर बांधून बायकांची बाजू वेगळी केलेली. भोंग्यावर जाहिरात करायला बसवायचा तो आवाजाचा खणखणीत गडी. धंदा निम्मा त्याच्यावर असायचा.

मला मशीन शिकवलं ते चाचांनी. बिदरकडचे, वयाने वडिलांपेक्षा मोठे. त्या वेळी दिवा कार्बनचा होता. दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्यामध्ये ठिणगीचा पूल तयार होतो, मागचा आरसा तो उजेड फिल्मवर फेकतो. कांड्या जळून आखूड होत जातात, म्हणून मधलं अंतर हाताने सांभाळत बसायचं. अंतर वाढलं की पडदा पिवळा पडतो, आणखी वाढलं की अंधार. चाचा म्हणायचे, "छोरे, पिक्चर मत देख, रोशनी देख." मी दोन्ही बघायचो.

आणि बघायला काय असायचं? राक्षसच राक्षस. जत्रेत पौराणिक सिनेमा हुकमी चालायचा. बाबुभाई मिस्त्रींचा 1961 चा 'संपूर्ण रामायण' किती वेळा चालवला, त्याची गणती नाही. हे बाबुभाई म्हणजे ट्रिक सीनचे उस्ताद. 1937 च्या 'ख्वाब की दुनिया'त त्यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत फिरवल्या. सिनेमावाले त्यांना 'काला धागा' म्हणू लागले. तो सिनेमाही हॉलिवूडच्या अदृश्य माणसाच्या सिनेमावरून बेतलेला होता. म्हणजे परदेशी अचाट सिनेमा बघायचा आणि आपल्या ऐपतीत पुन्हा करायचा, ही चाल आपल्याकडे फार जुनी. तिकडे त्या माणसासाठी प्रयोगशाळा लागली, इकडे दोऱ्याचं रीळ पुरलं.

मुळात एकच गोष्ट पुन्हा करण्याला आपल्या माणसांनी कधी नावं ठेवली नाहीत. दादासाहेब फाळक्यांनी 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' 1917 मध्ये पुन्हा केला, लोकांनी पुन्हा बघितला. कीर्तनात नरसिंह दरवर्षी त्याच खांबातून निघतो. आमच्या वैजनाथाचीच कथा घ्या. समुद्रमंथनातलं अमृत विष्णूने लिंगात लपवलं, दैत्य ते घ्यायला गेले तेव्हा ज्वाळा निघाल्या, भक्तांनी हात लावला तेव्हा अमृत पाझरलं. म्हणून परळीत लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं. ही कथा गावातल्या पोराटोरांना पाठ आहे, तरी सांगणारा चांगला असला की ऐकणारे हलत नाहीत. गोष्ट माहीत आहे ही तक्रार नसते. यंदा खांब कसा फुटला, एवढंच बघायचं असतं.

'किंग काँग' हे नाव आमच्याकडे त्या वानराच्या आधी पोचलं होतं. पन्नासच्या दशकात त्या नावाचा एक अवाढव्य परदेशी पैलवान हिंदुस्थानभर कुस्त्या करत फिरला, दारासिंगशी त्याच्या झुंजी गाजल्या. मग 1962 मध्ये बाबुभाई मिस्त्रींनीच दारासिंगला घेऊन 'किंग काँग' नावाचा सिनेमा काढला. त्याचा वानराशी संबंध नावापुरताच. पण जत्रेत तो चालायचा आणि अंगापिंडाने थोराड पोराला गावोगाव 'किंगकाँग' म्हणायची पद्धत पडली. 2006 ला आमच्या तंबूत दोन म्हातारे चक्क दारासिंग बघायला आले होते. ते मध्यंतरापर्यंत धीर धरून बसले.

1933 चा मूळ सिनेमा मी बघितला तो फार उशिरा, भाच्याने आणलेल्या सीडीवर. मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शोडसॅक हे त्याचे दिग्दर्शक, काँग हलवणारा विलिस ओब्रायन. काँग म्हणजे सुमारे दीड फुटाचा बाहुला, अंगावर सशाची कातडी. बाहुला जरासा हलवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा जरासा हलवायचा. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं. हलवताना माणसाची बोटं केसांना लागायची, त्यामुळे काँगच्या अंगावरचे केस सारखे थरथरताना दिसतात. ही खरं तर चूक, पण बघणाऱ्याला वाटतं, रागाने फुललाय. मी तो भाग पाच-सहा वेळा मागे नेऊन बघितला. रोज काळ्या धाग्याचे सिनेमे चालवलेल्या माणसाला ही भाषा लगेच कळते.

मध्ये 1976 ला त्याची एक आवृत्ती निघाली. तिच्यासाठी चाळीस फुटांचं यांत्रिक माकड बांधलं. खर्च अफाट झाला, माकड मात्र धड हलेना. सिनेमात ते काही क्षणच दिसतं. बाकी सगळं काम रिक बेकर नावाच्या माणसाने वानराचा पोशाख चढवून केलं. पैसा यंत्राला गेला आणि ओझं माणसाने वाहिलं. आमच्या धंद्यात हे नवं नाही.

मग 1994 ला हिंदी 'जुरासिक पार्क' आला आणि सगळंच फिरलं. त्याआधी इंग्रजी सिनेमा म्हणजे शहरातल्या कॉलेजच्या पोरांचा. आता डायनोसोर हिंदीतून आमच्या माळावर आला. सव्वादोन तासांपेक्षा थोडा कमी सिनेमा, त्यात डायनोसोर दिसतो जेमतेम पंधरा मिनिटं. पण ग्लासातलं पाणी थरथरलं की तंबू गप्प व्हायचा. प्राणी दिसायच्या आधीच पायांजवळ बसलेली पोरं आईच्या पदरात.

1998 चा 'गॉडझिला' याच्या उलट. मूळ जपानी सिनेमा 1954 चा, इशिरो होंडांचा. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख जपानी मासेमारी बोटीवर पडली. हिरोशिमा-नागासाकीला नऊ वर्षं होत होती. रबरी पोशाखातला तो गॉडझिला म्हणजे चालता बॉम्बच होता. अमेरिकी आवृत्तीने अंग घेतलं आणि कारण टाकून दिलं. चाचण्यांची दृश्यं सुरुवातीला येऊन जातात, पुढे उरते न्यूयॉर्कमध्ये पळणारी एक मोठी पाल. 1998 च्या मे महिन्यात पोखरणला आपल्या चाचण्या झाल्या होत्या, चहाच्या टपरीवर बॉम्बशिवाय विषय नव्हता. तरी सिनेमा बघून बाहेर पडलेल्या एकाच्याही तोंडून मी बॉम्बचं नाव ऐकलं नाही.

एवढं सगळं चालवून झाल्यावर 2006 ला माझ्या ट्रकमध्ये जॅक्सनचा काँग आला. मी सिनेमा आधी हाताने तोलतो, मग डोळ्याने बघतो. पस्तीस एमएमची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. जुना काँग शंभर मिनिटांचा, म्हणजे नऊ हजार फूट, दोन हजार फुटांची साडेचार रिळं. नवा एकशे सत्याऐंशी मिनिटांचा, जवळजवळ सतरा हजार फूट, नऊ रिळं. वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास, डबे वेगळे. गोष्ट तीच. जुन्यात काँग पाऊण तासाने दिसतो, म्हणजे तिसऱ्या रिळाच्या सुरुवातीला. नव्यात सत्तर मिनिटांनी, चौथं रीळ चढल्यावर.

आता कुणी म्हणेल, राक्षसासाठी थांबायला लावणं हीच तर गंमत. मान्य. रामायणात कुंभकर्ण उठायला किती वेळ लागतो! ढोल वाजतात, अंगावरून हत्ती चालवतात, अन्नाचे डोंगर आणतात. तंबूतले लोक तो प्रसंग हसत बघायचे, कारण जे चाललंय ते सगळं त्यालाच उठवायला चाललंय. जॅक्सनच्या जहाजावर काँगला कुणी उठवत नाही. एक पोरगा जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचतो, त्याला सांभाळणारा खलाशी तिचा अर्थ सांगतो, ही दोघं पुढे गोष्टीतून निघून जातात आणि कुणाला त्यांची आठवणही येत नाही. म्हाताऱ्याचा प्रश्न उतावीळपणाचा नव्हता. आपण कुणाची वाट बघतोय याचा पडद्याला विसर पडला, एवढंच त्याने सांगितलं.

दुसरा दोष हव्यासाचा. डायनोसोरांचा कळप दरीतून धावतो आणि त्यांच्या पायांमधून माणसं धावतात. तिथे माणसांचे पाय जमिनीला लागत नाहीत हे कार्बनच्या उजेडावर वाढलेल्या डोळ्याला लगेच दिसतं. मग दरीत पडलेल्यांवर किडे तुटून पडतात. हा किड्यांचा प्रसंग कूपरने 1933 ला चित्रित करून नंतर कापला होता, गोष्ट तिथे अडते म्हणून. जॅक्सनने नऊ वर्षांचा असताना टीव्हीवर तो सिनेमा बघितला, काँग मेल्यावर रडला, बाराव्या वर्षी घरीच मॉडेल करून सिनेमा काढायला निघाला. एवढा जीव लावलेल्या माणसाला जुन्या मालकाने कापलेला तुकडाही टाकवेना. मला त्याचं प्रेम कळतं. पण बापाने मोडीत काढलेली वस्तू पोराने घरात परत आणली की जागा तीच अडवते.

तिसरा दोष मला सर्वांत खुपला. बेटावरचे लोक जुन्या सिनेमात रानटी दाखवले होते, बहात्तर वर्षांनी तर आणखी भेसूर. डोळे फिरलेले, दात विचकलेले, त्यांना ना घर ना पोरंबाळं. आमच्या तंबूत मागच्या बाजूला पारध्यांची माणसं बसायची. जमातीवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का बसणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्या रिळाला तिकडून एकही शिट्टी आली नाही.

आणि तरीही, चौथ्या रिळानंतर त्या सिनेमाने आमचा तंबू मुठीत धरला. काँगचं काम अँडी सर्किस या नटाने केलंय. तो रवांडात जाऊन गोरिले बघून आला, चेहऱ्यावर खुणा चिकटवून त्याने हावभाव दिले, त्यावर संगणकाने वानराचं तोंड चढवलं. म्हणजे पोशाखातला माणूस पुन्हा आलाच, फक्त पोशाख उजेडाचा. त्या डोळ्यांत म्हातारपण दिसतं, एकटेपण दिसतं. जुन्या सिनेमात नटी बहुतेक किंकाळ्याच मारते. नव्यातली मुलगी नाटक कंपनीत कोलांट्या मारून पोट भरणारी आहे. कड्यावर काँगपुढे उभी राहिल्यावर ती जीव वाचवायला आपला धंदाच करते, पडते, उठते, दगड झेलते. आमच्याकडची पोरं ओरडली, "डोंबारीण हाय ती!" बरोबर ओळखलं. जत्रेतल्या माणसाला ही बाई आपली वाटली.

मग न्यूयॉर्क. गोठलेल्या तळ्यावर काँग घसरगुंडी खेळतो. बाहेर मे महिन्याचा उकाडा, मागे जनरेटरची धडधड. 690 मेगावॅटचं आमचं थर्मल वीजकेंद्र दिव्यांनी झगमगत होतं आणि भोवतालच्या गावांत भारनियमन. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही रोज बघायचो. त्या बर्फावर मात्र कुणी बोललं नाही. शेवटी इमारतीच्या टोकावर विमानं गोळ्या घालत होती तेव्हा बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू आले. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक पोरगा विचारत होता, थर्मलच्या चिमणीवर चढलं असतं तर विमानं आणली असती कुठून?

आता माझी चूक सांगतो. पहिल्या रात्री जहाजावर झालेला दंगा बघून मालक म्हणाले, "उद्या बोट काढून टाक." आमच्या धंद्यात हे पाप रोजचं होतं. तिसरा शो बसवायचा, जनरेटरचं डिझेल वाचवायचं, म्हणून कुणाचं गाणं उडव, कुणाचा विनोद उडव. मी दुसरं रीळ डब्यातच ठेवलं. पहिल्यावरून थेट तिसरं. सिनेमा पळायला लागला, माकड लवकर आलं, शिट्टी वाजली नाही. मी ट्रकच्या फाळक्यावर बसून बिडी ओढली. वीस कोटी डॉलरचा सिनेमा परळीच्या ऑपरेटरने दुरुस्त केला, असं मनात आलंच.

शो सुटला. कडेवर पोरगं घेतलेली ऊसतोडीतली एक बाई ट्रकजवळ थांबली. म्हणाली, "भाऊ, माकड पडल्यावर वर आला, तिनं मिठी मारली, त्यो बाप्या कोण? त्येनं कवा जीव लावला तिला?"

मी काय सांगणार? तो बाप्या त्या जहाजावर तिच्यासाठी नाटक लिहीत बसला होता, तिच्याकडे बघत होता, बोलायला कचरत होता. त्याने जीव लावला तो दुसऱ्या रिळात, आणि दुसरं रीळ माझ्या पायाजवळच्या डब्यात होतं. मी कापलं त्यात खलाशाची कादंबरी गेली, तशी त्या माणसाची सगळी कमाईही गेली. फुकट आणि मोलाचं दोन्ही एकाच रिळात गुंडाळलेलं होतं. ते सोडवून वेगळं करणं माझ्या कात्रीचं काम नव्हतं. तिसऱ्या रात्री मी नऊच्या नऊ रिळं चालवली. शिट्ट्या खाल्ल्या.

नंतर पाच-सात वर्षांत डिजिटल आलं. डबे गेले, पेट्या गेल्या, जत्रेतले तंबू एकेक करून उठले. 2016 मध्ये महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट कानच्या महोत्सवात गाजला, तोवर आमचा ट्रक विटा वाहायला लागला होता. आता कुठलाही ऑपरेटर कुठलंही रीळ काढू शकत नाही, ही एक बरी गोष्ट झाली. जुना राक्षस नव्याने उभा करणाऱ्यांना मात्र माझं एक सांगणं राहील. लोकांना गोष्ट ठाऊक असते, त्याची काळजी करू नका. राक्षस कितीही मोठा करा. पण त्या सिनेमात एक रीळ जास्त झालं असेल तर ते दिग्दर्शकाने काढावं, ऑपरेटरवर सोडू नये. ऑपरेटर चुकीचं काढतो.